तळहाताएवढं माहेर

माझ्या भावोजींना खोटं बोलता येत नाही, आणि हा काही गुण नव्हे. लोकांनी तो उगाच गुणांत जमा करून ठेवलाय. घरात आजारी माणूस असलं की खोटं बोलता आलंच पाहिजे. येत नसेल तर गप बाहेर बसावं आणि ज्याला जमतं त्याला बोलू द्यावं. आमच्याकडे ते काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

आजारी होती माझी थोरली बहीण, म्हणजे त्यांची बायको. डॉक्टर तिला तपासून बाहेर आले, आम्हा दोघांना दाराबाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, आता फार लांबच्या गोष्टी करू नका. एवढंच. भावोजी डॉक्टरांच्या बुटांकडे बघत उभे राहिले. मी मात्र पदर खोचला, आत गेले आणि ताईला सांगितलं की औषध लागू पडतंय, फक्त वेळ लागणार आहे आणि तुला धीर नाही ही खरी पंचाईत आहे. तिचा लगेच विश्वास बसला. बसणारच! जन्मात मी तिच्याशी कधी गोड बोललेली नाही. दुसऱ्या कुणी तिला बरं वाटेल म्हणून सांगितलं असतं तर तिने शंका घेतली असती, पण मी तर तिच्यावर वसकन ओरडून सांगितलं होतं.

आम्ही दोघी लहानपणापासून भांडत आलोय. फणीवरून, खिडकीजवळच्या जागेवरून, आई कुणाची जास्त यावरून. ती मला भांडकुदळ म्हणायची आणि मी तिला महाराणी. ती आजारी पडल्यावर मी माझं शिवणयंत्र घेऊन तिच्याकडे राहायला आले आणि ते तिच्याच खोलीत खिडकीपाशी मांडलं. लोकांच्या कपड्यांचं अल्टरेशन करायचं आणि मान वर करून तिच्याशी भांडायचं, असा आमचा दिवस जायचा. तिच्या खोलीतल्या कपाटाला आरसा होता. त्यावर मी पहिल्याच आठवड्यात चादर टाकली. उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते म्हणून सांगितलं. तिचे केस मीच विंचरायचे, आणि फणीत आलेले केस मुठीत दाबून बोलत राहायचे. आज तोंडावर जरा रंग दिसतोय हं महाराणी, असं रोज म्हणायचे.

भावोजी तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरतात. म्हणजे पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा, त्यावर सुईने चित्र ओढायचं, मग पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा. सुईने जिथे मेण निघालंय तिथेच ॲसिड तांबं खातं. मेण पुसलं की पत्र्यात रेघा उरतात. त्यात शाई भरायची, वरची शाई पुसायची, ओला कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा, की झालं चित्र. घराची पुढची खोली म्हणजे त्यांचा कारखाना. मधोमध ते दाबयंत्र, त्याला बोटीच्या सुकाणूसारखं मोठं चाक, दोऱ्यांवर चिमट्यांनी लावलेले कागद, आणि रॉकेलचा वास, जो या घरातल्या उशीलासुद्धा येतो. चित्रं सगळी छोटी. टेकडी, झाड, ओढा, वर ढग, आणि कुठेतरी नखाएवढा माणूस पाठमोरा उभा. बाजारातला फ्रेमवाला ती घेतो. लोक विकत घेताना उसासे सोडतात म्हणे, की किती भावना आहे यात.

ताईला विचारा त्या भावना कुठून येतात ते. इतकी वर्षं पत्र्यावरची शाई शेवटी पुसायचं काम तिचंच होतं. ते कापडाने होत नाही, उघड्या तळहाताने करावं लागतं, अगदी हलक्या हाताने. त्यामुळे प्रत्येक चित्र कागदावर यायच्या आधी तिच्या हाताखालून जायचं. भावोजी तोंडाने काही बोलत नाहीत, रागावले तरी नाही, खूश झाले तरी नाही. सगळं त्या झाडांवर काढतात. दोघांचं काही बिनसलं की पुढच्या चित्रात हमखास वादळ. ताई म्हणायची, "भांडण आमचं आणि भिजतोय तो बिचारा वाटसरू." त्यांची आई गेली तेव्हा कुणाला एक अश्रू दिसला नाही, पण वर्षभर त्यांच्या एकाही झाडाला पान नव्हतं. फ्रेमवाला वैतागला होता. ताईने त्याला सांगितलं की थांबा, पालवी फुटेल. आणि फुटली.

तर या माणसाकडे तिने हट्ट धरला. तिला माहेरी जायचं होतं. आई-वडील गेल्यावर तिथे आता आमचा चुलतभाऊ राहतो. घरामागे उतार आहे, उतारावर एक वाकडं झाड, खाली ओढा. आमचं सगळं लहानपण त्या झाडाखाली भांडण्यात गेलं. बरी झाले की आधी तिकडे जाणार, असं ती रोज म्हणायची. मीही रोज म्हणायचे, जा बाई, कोण अडवतंय. जाताना कुठली साडी नेसायची, चुलतभावाच्या बायकोसाठी काय न्यायचं, सगळं ठरलं होतं. भावोजी हे ऐकत दारात उभे असायचे आणि मग काहीतरी आठवल्यासारखं करून पुढच्या खोलीत निघून जायचे. मला त्यांचा असा संताप यायचा! एक दिवस मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं आणि सांगितलं, तिच्याजवळ ती आशा आहे, दुसरं काही नाही. तुमच्या तोंडावरून तिला कळलं तर मी तुम्हाला जन्मात माफ करणार नाही. ते म्हणाले, बरं.

मग एकदा ताई स्वतःच त्यांना म्हणाली की जायला अजून वेळ आहे, तर तोवर निदान काढून तरी आणा. बाजारच्या लोकांसाठी कुठले कुठले डोंगर काढलेत, माझं घर कधी काढलं नाहीत. उशाशी ठेवीन. आणि हे पाहा, झाड नीट काढा. या दिवसांत ते इतकं भरलेलं असतं की मागची भिंत दिसत नाही.

भावोजी दुसऱ्याच दिवशी पहाटेच्या बसने गेले आणि दिवेलागणीला परत आले. पायाला माती, मानेवर ऊन लागलेलं. ताईने उशी पाठीशी घेऊन त्यांची उलटतपासणी घेतली. पायवाट आहे का? आहे. ओढ्याला पाणी? आहे, गुडघ्याएवढं. आणि झाड? झाड पानांनी गच्च आहे, ते म्हणाले, खाली बसलं तर आभाळ दिसत नाही. हे मात्र ते छान बोलले, कारण खरं होतं. ताई त्या रात्री न कण्हता झोपली. मला वाटलं, चला, या माणसाकडून एक काम तरी धड झालं.

पुढचे काही दिवस पुढच्या खोलीतून ॲसिडचा उग्र वास येत राहिला. ताई मला दटावायची की मशीन बंद कर, मला ऐकू दे. काय ऐकायचं होतं तिला कोण जाणे. चाक फिरल्याचा आवाज आला की म्हणायची, आता शाई पुसली असेल, एवढ्या जोरात पुसायची नसते, हात जड आहे यांचा. तिचे स्वतःचे तळहात पांढरेफटक पडले होते. पूर्वी त्यांच्या रेघांतली शाई कशानेही जायची नाही.

आणि एका सकाळी भावोजी चित्र घेऊन आले. कागद अजून ओलसर होता. चित्र तळहाताएवढं, त्याच्याभोवती पत्र्याच्या कडेची दबलेली चौकट. त्यांनी ते दोन्ही हातांवर धरून तिच्यापुढे केलं. मी मशीनवरून उठून मागून वाकून पाहिलं. मला चित्रातलं काही कळत नाही. छान वाटलं एवढं खरं.

ताईने वाकून पाहिलं. कपाळाला आठी. मग म्हणाली, "हे कुठलं?"

भावोजींचा चेहरा पार उतरला. मी म्हणाले, अगं महाराणी, डोळे धू जरा. हे काय आपलं घर, ही वाट.

ती म्हणाली की वाट या बाजूला कशी? ओढा तर डावीकडे आहे. गोठा पलीकडे हवा. आणि मग तिच्या लक्षात आलं. तिने एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि ती हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, मी पाठ चोळली, तरी थांबेना. "अहो, उलटं काढलंत!" ती म्हणाली. "जन्म गेला यात, आणि माझंच माहेर उलटं केलंत!"

खरंच होतं. पत्र्यावर जसं काढाल त्याच्या उलट कागदावर येतं. डावं ते उजवं होतं. शिकाऊ पोरांनासुद्धा हे पहिल्या दिवशी सांगतात. म्हणून भावोजी नेहमी आधी कागदावर पेन्सिलने चित्र काढतात, मग ते घरी आरशात धरून, आरशातलं बघून पत्र्यावर उतरवतात. त्यासाठी त्यांच्या टेबलाशी खिळ्याला एक आरसा कायम टांगलेला असतो. यावेळी त्यांनी पेन्सिल नेलीच नव्हती. मेण लावलेला पत्राच सोबत नेला आणि उतारावर बसून समोर दिसलं तसं थेट ओढलं. ते स्वतःही आता चित्राकडे बघून हसायला लागले. मी त्यांना असं हसताना कितीतरी महिन्यांनी पाहत होते. मीही हसले. खोटं कशाला सांगू, आम्ही तिघंही हसत होतो, आणि मला वाटलं की हे असंच राहिलं तर ती बरीसुद्धा होईल.

भावोजी म्हणाले, "थांब. आत्ता सुलटं करतो."

आणि ते पुढच्या खोलीत गेले. काय आणायला गेले हे माझ्या डोक्यात यायच्या आत ते खिळ्यावरचा आरसा घेऊन परत आले होते. मी म्हणाले, भावोजी, राहू द्या. पण मला मोठ्याने ओरडता येईना, कारण ओरडले असते तर का ओरडले ते सांगावं लागलं असतं. ते पलंगाच्या कडेला बसले. त्यांनी चित्र तिच्या हातात दिलं, छातीशी धरायला लावलं, हनुवटीच्या खाली, आणि समोर आरसा धरला. त्यांच्या रोजच्या कामात ते आरशात फक्त चित्र बघतात. आरशात आणखीही काही दिसतं हे त्या माणसाला सुचलंच नाही.

ताईलाही आधी चित्रच दिसलं. ती म्हणाली, हो, हेच. ही वाट. इथे तू पडली होतीस आणि आईने मला मारलं होतं. हा ओढा. तिचं बोट हवेत फिरत होतं. आणि मग तिची नजर चित्राच्या कडेवरून वर गेली.

ती किंचाळली वगैरे नाही. तिने आरसा भावोजींच्या हातातून घेतला आणि जवळ आणला. गालाला हात लावून पाहिला. केसांमधून बोटं फिरवली, कानामागे जिथे केस उरलेच नव्हते तिथे बोटं थांबली. मी म्हणाले, अगं, या खोलीत उजेडच तसा आहे. भावोजींना तेव्हा कळलं आपण काय करून बसलो ते. त्यांनी आरसा मागायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला.

तिने आरसा पांघरुणावर पालथा ठेवला आणि चित्र उचललं. आता ती ते उलटं की सुलटं हे बघत नव्हती. पत्र्यावर शेवटचा हात फिरवताना बघायची तसं, डोळ्यांजवळ नेऊन, एक एक रेघ बघत होती.

"पानं कुठे आहेत?" तिने विचारलं.

तेव्हा मी पाहिलं. झाड बोडकं होतं. एकूण एक फांदी दिसत होती, अगदी शेंड्यापर्यंत, आणि मागे ज्या भिंतीचा टवकासुद्धा दिसायला नको ती सबंध भिंत दिसत होती. वर ढग असे खाली आलेले की ओढ्याला टेकतील. उतारावर एक नखाएवढी बाई बसलेली होती, पाठमोरी, आणि तिच्या शेजारची जागा रिकामी सोडलेली होती.

भावोजी म्हणाले, "मला... तिथे बसलो तेव्हा..." आणि थांबले.

"तुम्हीच म्हणालात ना, गच्च आहे म्हणून."

"आहे गच्च."

"मग?"

मला वाटत होतं, बोल रे बाबा काहीतरी! सांग, सुई मोडली, पानं काढायला वेळ लागतो, ॲसिड जास्त झालं, काहीही सांग. त्या कामातली शंभर कारणं त्यांना ठाऊक आहेत. पण ते मान खाली घालून बसले होते आणि त्यांचे खांदे हलायला लागले होते. मी स्वतः काही जुळवायला गेले, तर ताईने हाताने मला गप केलं.

ती अगदी शांतपणे म्हणाली, "आणि एवढी घाई कसली होती हो? पेन्सिलसुद्धा न नेता गेलात."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर तिने माझ्याकडे रागाने पाहिलंय, चिडून पाहिलंय, डोळे वटारून पाहिलंय. असं कधी पाहिलं नव्हतं. मी मशीनच्या स्टुलावर बसले.

"तुलाही माहीत होतं," ती म्हणाली. "मग मला एवढी कडू औषधं कशाला पाजलीत?"

मी रोज तिचं नाक दाबून ते औषध पाजत होते. ओकलीस तर परत देईन अशी धमकी देत होते. मला वाटलं आता ती मला बोलेल, शिव्या घालेल, आरसा फेकून मारेल. मारायला हवा होता. भावोजी तिच्या पायांवर डोकं ठेवून रडत होते, इतक्या वर्षांत पहिल्यांदा झाडाबिडाचा आडोसा न घेता, आणि ती त्यांच्या केसांवरून हात फिरवत खिडकीबाहेर बघत होती. तो हात फिरवणंही मला आवडलं नाही. पाहुण्याचं पोर रडलं तर आपण फिरवतो, तसा तो हात होता.

त्यानंतर तिने माहेरचं नाव काढलं नाही. साडीचं नाही, भावाच्या बायकोचं नाही. औषधं मी द्यायचं बंद केलं नाही आणि तिने घ्यायचं, पण आता नाक दाबावं लागत नव्हतं. चमचा पुढे केला की तोंड उघडायची.

भावोजींनी दुसरा पत्रा करायला घेतला. यावेळी सगळं रीतसर, पेन्सिल, आरसा, सगळं. पायवाट जिथल्या तिथे, ओढा डावीकडे. झाडाला त्यांनी पान पान करून पानं काढली, डोळे लाल होईपर्यंत. भिंत दिसत नव्हती, ढगही नव्हते. ताईने ते हातात घेतलं आणि म्हणाली, हो, अगदी तसंच आहे. ते तिने उशाशी ठेवायला सांगितलं. मी जवळून पाहिलं. त्यात आमचं घर होतं, झाड होतं, सगळं बरोबर होतं आणि कशातच काही नव्हतं, दुकानांतून फुकट मिळणाऱ्या कॅलेंडरावर असतं तसं. तिला ते माझ्याआधी कळलं असणार. पण ती भावोजींना तसं म्हणाली नाही, आणि ते थोडे सावरून पुढच्या खोलीत गेले.

माझ्याशी ती नीट वागायला लागली. हे मला कसं सांगावं कळत नाही. उशी सरकवली तर म्हणायची, राहू दे, तुला त्रास. केस विंचरले तर म्हणायची, किती करतेस गं. मी मुद्दाम महाराणी म्हणायचे, ती नुसती हसायची. मी मशीन रोजच्यापेक्षा जास्त खडखडवलं, भावोजींच्या वस्तूंना नावं ठेवली, आई तुझ्यापेक्षा माझीच जास्त होती असं सरळ तोंडावर म्हणाले. तर म्हणते कशी, हो गं, तुझीच होती. त्या रात्री मी स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून रडले.

शेवटचा उपाय म्हणून मी एके दुपारी तिचं सूप अळणी केलं. मीठ टाकलंच नाही, चिमूटभरसुद्धा नाही. अळणी जेवणावरून या बाईने लग्नाआधी आणि लग्नानंतर आख्खं घर डोक्यावर घेतलेलं आहे. आमच्या आईच्या हातून एकदा डाळीत मीठ राहिलं तर दोन दिवस अबोला धरणारी ही. मी वाटी तिच्या हातात दिली आणि मशीनपाशी जाऊन पाठ करून उभी राहिले. मनात म्हणत होते, ओरड. एकदा ओरड. भांडकुदळ म्हण, चव आहे का तुझ्या हाताला म्हण, वाटी आपट.

चमच्याचा आवाज येत राहिला, हळूहळू, शेवटपर्यंत. मी वळून पाहिलं. तिने वाटी रिकामी केली होती आणि ती माझ्याकडे बघून हसत होती, अगदी प्रेमाने, तोंडावर रंग दिसतोय असं रोज खोटं सांगताना मी हसायचे तसं.

"छान झालंय हं," ती म्हणाली.